झाकण काढा, विहीर दिसेल

१४ जानेवारी २०२५. संक्रांत. इंदूरच्या आपल्या सुदामा नगरात गच्च्यांवर सकाळपासून पोरांचा कल्ला चालला होता, खाली स्वयंपाकघरांत गुळाच्या पोळ्या भाजल्या जात होत्या. त्याच दिवशी आपल्या अगदी शेजारी, फूटी कोठी भागात, मोटारसायकलवरून निघालेल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या गळ्याभोवती चिनी मांजा आवळला गेला आणि तो पोरगा गेला.

दोन दिवस हळहळ झाली. पोह्यांच्या गाडीभोवती, अन्नपूर्णेच्या रस्त्यावर, बँकेच्या रांगेत तेच बोलणं. "बिचाऱ्याचं नशीब." "त्याची वेळच भरली होती." "एक मिनिट उशिरा निघाला असता तर." तिसऱ्या दिवशी आपण सगळे आपापल्या कामाला लागलो. पुढच्या संक्रांतीपर्यंत तो विषय नशिबाच्या खात्यावर जमा झाला.

मंडळी, मला या नशिबाच्या खात्याशी भांडायचं आहे.

तो मांजा आभाळातून पडला नव्हता. कोणीतरी नायलॉनचा धागा ओढला, त्याला काचेची पूड चढवली. कोणा दुकानदाराने तो समोर न मांडता गल्ल्याखालून काढून दिला. कोणा बापाने पोराचा हट्ट म्हणून पैसे मोजले. कोणा पोराने तो गच्चीवरून सोडला. नाव चिनी, पण हे चारही हात आपले. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांज्यावर देशभर बंदी घातली, म्हणजे कायदा कधीचाच होता. त्या चार हातांपैकी एकाने जरी "नको" म्हटलं असतं, तरी तो पोरगा संध्याकाळी घरी येऊन गुळाची पोळी खात बसला असता. चार हातांतून गेलेल्या गोष्टीला नशीब म्हणायचं नसतं. तिला वहिवाट म्हणतात, आणि वहिवाट मोडता येते. ती मोडली नाही म्हणूनच त्या वर्षाच्या अखेरीला इंदुरात आणखी एका शाळकरी वयाच्या मुलाचा गळा तसाच चिरला गेला, आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाला या प्रकरणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आपल्या आज्यांच्या तोंडी एक शब्दप्रयोग होता : अमक्याला देवी आल्या. रोगाचं नावच देवी. देवीचा कोप झाल्यावर माणसाने करायचं काय? दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, हात जोडायचे आणि ज्याला न्यायचं त्याला ती नेईल म्हणून गप्प बसायचं. मग गावोगाव देवी डॉक्टर हिंडू लागला. लोक त्याला पाहून पळाले, पोरं लपवली, पण टोचणी थांबली नाही. मे १९७५ मध्ये या देशात देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर ती गोल खूण अजून आहे. ती नीट पाहा. "दैवात होतं" या वाक्याचा आपण एकदा पराभव केला आहे, त्याची ती मुद्रा आहे.

आजची देवी रस्त्यावर येते, जिन्यात येते, न्हाणीघरात येते आणि कधी घरातल्याच माणसाच्या हातात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे इजा आणि हिंसा मिळून जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसं मरतात. पाच ते एकोणतीस वयाच्या मुलामाणसांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे रस्त्यावरचा अपघात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. तासाला एकोणीस. एखाद्या तापाने तासाला एकोणीस माणसं मारली असती तर शाळा बंद झाल्या असत्या, गल्ल्यांत फवारणी झाली असती, मंत्री रात्रंदिवस बैठका घेत बसले असते. रस्त्यावर मेलेल्याला मात्र आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचे चार इंच देतो.

विल्यम हॅडन नावाचा एक अमेरिकन डॉक्टर होता. १९६६ मध्ये तो तिथल्या रस्ते-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा पहिला प्रमुख झाला. तो सांगे की इजेकडे साथीच्या रोगासारखंच पाहा. कॉलऱ्याला जसा जंतू, तशी इजेला ऊर्जा : वेगाची, उंचीची, विजेची, आगीची. ही ऊर्जा शरीराला सोसवेल त्याहून जास्त येऊन आदळली की इजा होते. आणि तिला अडवायला एक नाही, तीन संधी मिळतात. घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर. मांज्याला हेच लावून पाहा. आधी म्हणजे दुकानात, जिथे ती फिरकी विकलीच जाऊ नये. त्या क्षणी म्हणजे गळ्याभोवतीचा जाड पट्टा आणि स्कूटरच्या हँडलला लावलेली उभी तार. नंतर म्हणजे जखम दाबून धरणारा अनोळखी हात आणि १०८ला केलेला फोन. तीन दारं होती. तिन्ही उघडी टाकून आपण नशिबाला दोष दिला.

आता या शहराची न भरलेली जखम सांगतो. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं. माणसं दाटीवाटीने बसली होती. ती ज्या फरशीवर बसली होती, तिच्याखाली एक जुनी बावडी होती. ती बुजवली नव्हती, नुसती झाकली होती. वर छत टाकून फरशा बसवल्या होत्या आणि त्यावर देवाचा कार्यक्रम मांडला होता. छत खचलं आणि माणसं खाली पाण्यात गेली. छत्तीस जीव गेले. बायका गेल्या, लेकरं गेली.

त्या जागेबद्दल रहिवाशांच्या तक्रारी होत्या. महापालिकेची नोटीसही निघाली होती. म्हणजे तिथे विहीर आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच तर ती झाकली होती.

अहिल्याबाईंचं नाव घेतल्याशिवाय आपला इंदूरचा एकही सभा-समारंभ पार पडत नाही. त्या माउलीने वाटसरूच्या तहानेसाठी देशभर विहिरी आणि बारवा बांधल्या. आपण बारवांवर फरशी घातली आणि वर सतरंजी अंथरली. तिचे वारस म्हणवून घेताना हे आठवून मान खाली जायला हवी.

पण पटेल नगरकडे बोट दाखवून सुदामा नगरची सुटका नाही. आपल्या गल्लीत किती विहिरी झाकून ठेवल्या आहेत ते मोजू या.

पहिली विहीर आपल्या फाटकातच उभी आहे. दहावीतला मुलगा शिकवणीला जातो म्हणून त्याला स्कूटरची किल्ली देतो आपण, आणि वर कौतुकाने सांगतो, "आमचा बंड्या छान चालवतो हो." २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा सांगतो की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेचं भय घालून मला बोलायचं नाही. ती किल्ली देणारा हात आपला असतो, एवढंच सांगायचं आहे. हेल्मेटचं तसंच. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांहून अधिक दुचाकीस्वार मेले. चांगल्या हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो. इंदुरात १ ऑगस्ट २०२५पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा हुकूम निघाला. तेव्हा आपण काय केलं? पंपाजवळ एकमेकांचं हेल्मेट उसनं घेतलं, टाकी भरली आणि परत देऊन टाकलं. हसू आलं ना? त्या हसण्याखालीच विहीर आहे.

दुसरी विहीर वेगाची. सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून वस्तीतल्या रस्त्यावर पाटी लावून भागत नाही, वेग कमी करायला भाग पाडेल असा रस्ता हवा. १५ सप्टेंबर २०२५च्या संध्याकाळी अवजड वाहनांना बंदी असलेल्या विमानतळ रस्त्यावर एक ट्रक शिरला आणि कालानी नगरपासून बडा गणपतीकडे माणसांना चिरडत गेला. बंदी कागदावर होती. रस्त्यावर ट्रक होता. कागद आणि रस्ता यांच्यामधली ही जागा कोणाची, असा प्रश्न आपण नगरसेवकाला, वाहतूक पोलिसांना, स्वतःला विचारलाच पाहिजे.

तिसरी विहीर घरातली, आणि सुदामा नगरसारख्या जुन्या वसाहतीत ती फार खोल आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. घरात सत्तरीचे आई-बाबा. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी, धरायला दांडी नाही, जिन्यातला दिवा गेला तो दोन महिने गेलेलाच. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं नुसती पडून मरतात. रस्त्यावरच्या अपघातांनंतर नकळत घडणाऱ्या इजांमध्ये पडण्याचाच क्रम लागतो. आजोबांच्या साठीशांतीला आपण हॉल घेतो, केटरर ठरवतो, छायाचित्रकार बोलावतो. न्हाणीघरातल्या दांडीला त्यातला एका पंगतीचा खर्चही येत नाही. पण मांडीचं हाड मोडल्यावरच ती आपल्याला आठवते.

आणि चौथी विहीर. हिच्याबद्दल आपण बोलतच नाही. "न्हाणीघरात पाय घसरला." हे वाक्य खरं पडलेली म्हातारी बोलते, आणि तेच वाक्य डोळा काळानिळा झालेली तरुण सूनही बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, लग्न झालेल्या शंभर बायकांतल्या सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी सत्त्याहत्तर जणींनी मात्र ना कुठे मदत मागितली, ना कोणाजवळ तोंड उघडलं. "घरातलं घरात", "चार भिंतींची लाज", "झाकली मूठ सव्वा लाखाची" असं आपण तिला शिकवलं. त्या झाकलेल्या मुठीत सव्वा लाख कधीच नव्हते. तिथे मोडलेलं बोट होतं.

हा पोलिसांचा विषय आहे, आरोग्याचा कसा, असं कोणी म्हणेल. मुंबईने याचं उत्तर २००० सालीच दिलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जायला दहादा कचरते, पण जखम झाली की दवाखान्यात तिला यावंच लागतं. तिथल्या परिचारिकेला, डॉक्टरला शिकवलं की जखमेला टाका घालताना बाईला एकटीला गाठा आणि विचारा, घरी काही त्रास आहे का? पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांतही 'दिलासा' पोहोचलं. आपल्या मध्य प्रदेशातही २०१४ मध्ये भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयात 'गौरवी' केंद्र उघडलं. एका प्रश्नाने झाकण सरकतं. तो प्रश्न शेजारीणही विचारू शकते.

कोणी म्हणेल, हे सगळं ऐकायला ठीक आहे, पण होतं का कुठे? होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली होती. तेव्हापासून तिथे अपघाताच्या प्रत्येक जागेचा शोध घेतला गेला. कठडे बसवले, उघडे खांब झाकले, वेगावर नजर ठेवली, मदत लवकर पोहोचेल अशी व्यवस्था केली. तीन वर्षांत मृतांचा आकडा शंभराच्या आत आला. तोच घाट होता आणि चालकही काही देवमाणसं झाले नव्हते. फरक पडला तो रस्त्यात.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच शहराची गोष्ट घ्या. १९१७-१८च्या सुमारास तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश विद्वान बोलावला. शहरात प्लेग होता. गेडिस मोजमापं घेत गल्लीबोळांतून हिंडे, तेव्हा लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच. त्याने लोकांना व्याख्यान दिलं नाही. एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला शहरातून मिरवणूक काढली. जी वस्ती सर्वांत जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेली, तिच्यातून मिरवणूक जाणार, असं जाहीर केलं. झालं! गल्ल्या झाडल्या गेल्या, भिंतींना चुना लागला, कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या बाहेर निघाल्या. मिरवणुकीत रावणाऐवजी घाणीचा राक्षस होता, पिसवांनी भरलेला अवाढव्य उंदीर होता. सफाई कामगार धुवट पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून मानाने चालले होते. शेवटी राक्षस जाळला. भ्यालेलं, रागावलेलं शहर कामाला लागलं.

शंभर वर्षांनी आपण तेच पुन्हा केलं. २०१७पासून स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं आलं, वर्षामागून वर्ष येत राहिलं. ते इंदूरकर अचानक सज्जन झाले म्हणून नव्हे. गाडी रोज ठरल्या वेळी दारात आली, ओला-सुका वेगळा मागितला गेला, चुकणाऱ्याला दंड झाला आणि शेजाऱ्याची नजर लागली. केळीचं साल रस्त्यावर टाकणाऱ्या पाहुण्याला आज आपला सहा वर्षांचा नातू टोकतो. मग विनाहेल्मेट निघालेल्या काकाला तो का टोकत नाही? कारण कचऱ्याची लाज आपण त्याला शिकवली, फुटलेल्या डोक्याची नाही शिकवली.

म्हणून सुदामा नगरकरांनो, आता उठायचं आहे. भाषणं पुरे झाली, कामं वाटून घेऊ.

गणेशोत्सव मंडळांनी एका रविवारी आपापल्या गल्लीत फिरायचं. हातात वही घ्यायची. उघडं चेंबर, लोंबती वीजतार, आंधळं वळण, बंद दिवा, झाकलेली विहीर असेल तर ती विहीर, सगळं टिपायचं. यादी महापालिकेला द्यायची, पोच घ्यायची आणि महिन्याने पुन्हा त्याच वहीने फिरायचं. मंडपाची वीजजोडणी जाणकाराकडून तपासल्याशिवाय श्रींची स्थापना करायची नाही. गिरणी कामगारांच्या झांक्यांची परंपरा असलेलं हे शहर आहे. यंदाच्या एका देखाव्यात दैत्याच्या जागी मांज्याची फिरकी जळू दे.

पालकांनी पतंगाच्या दुकानात पोराबरोबर स्वतः जायचं. गल्ल्याखालचा मांजा दिसला तर तिथूनच ११२ फिरवायचा. "आपल्याला काय करायचंय" हे वाक्य त्या दिवसापुरतं घरी ठेवून यायचं.

ज्येष्ठांच्या लेकरांनो, पुढच्या खेपेला येताना विमानतळावरून चॉकलेट आणू नका. न्हाणीघरात दांडी आणि जिन्यात दिवा बसवून मगच परत जा.

भगिनींनो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं आणि वाण लुटलं जातं. प्लॅस्टिकचे डबे घरोघरी पुष्कळ झाले. यंदा वाण म्हणून रात्रीचा छोटा दिवा द्या, गाडीवर जाताना गळ्याला बांधायचा पट्टा द्या आणि सोबत एक चिठ्ठी द्या. तिच्यावर १८१ हा महिलांसाठीचा, १०९८ मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मनाने खचलेल्यांसाठीचा क्रमांक असू दे. ज्या घरात पुरुषमंडळी बायकांचे फोन तपासतात, त्या घरातही हळदीकुंकवाची पुडी बिनविरोध आत जाते. आणि एखादी शेजारीण यायचं टाळत असेल, तर दोनदा विचारा, तिसऱ्यांदा तिच्या दारात जाऊन बसा.

आणि सगळ्यांनी एक करायचं. रस्त्यावर पडलेल्याला उचलायचं. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही. २०२५पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. मागे राहिली आहे ती फक्त आपली "कशाला लफडं" ही सवय.

तारीख पाहिलीत? ३० मार्च. त्याच तारखेला सात वर्षांनी पटेल नगरात फरशी खचली. पडलेल्याला उचलताना कायद्याचा हात पाठीशी आहे; झाकण मात्र आपल्यालाच उचलायचं आहे.

तो मांजा चार हातांतून गेला होता. विहिरीवरचं झाकण उचलायलाही चार हात पुरतात. पहिले दोन आज संध्याकाळी आपल्याच गल्लीत घाला. पुढचे दोन शेजारच्या दाराआड आहेत. कडी वाजवा.